म्हशीचा खूर, खसखस आणि डायनासोर

'काय करून राह्यली वं पोरी? म्हशीच्या खुराचे फोटो कोनी काढते काय!' मेहकर तालुक्यातल्या जानेफळात मामांनी मला असं रंगेहाथ पकडलं. म्हटलं, मामा, ट्रायल घेतेय. एकाच ठशाचे चहूबाजूंनी, एकमेकांवर चढतील असे तीस-चाळीस फोटो मोबाइलवर काढायचे, की सॉफ्टवेअर त्यातून थ्रीडी मॉडेल बनवतं. याला म्हणतात फोटोग्रामेट्री. आणि बॉस, डायनासोरच्या पावलांचा अभ्यास हल्ली याच फंड्यावर चालतो!

जानेफळात मात्र ती पावलं शोधू नका. इथला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि ठसा उमटायला ओली माती लागते. लाव्हाखालचे थर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला उघडे पडलेत. तिथे डायनासोरची हाडं मिळाली आणि चक्क दगड झालेली शीसुद्धा. पावलंच बघायची तर जैसलमेरजवळचं थैयात. तिथे २०१४ मध्ये ज्युरासिक काळातले तीन बोटांचे ठसे सापडले.

मला सगळ्यात सॉलिड वाटला तो खसखशीचा प्रयोग. पीटर फॉकिंगहॅम आणि स्टीफन गेट्सी या दोघांनी गिनी फाउल, म्हणजे आपल्या कोंबडीची लांबची बहीण, खसखशीवरून चालवली आणि एक्स-रेने तिचा पाय आत काय करतो ते टिपलं. मग कॉम्प्युटरवर दाणा न् दाणा कसा सरकला असेल ते मांडलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आला. पाय बाहेर निघताना दाणे ढासळतात, त्यामुळे वरचा खड्डा पायासारखा दिसतच नाही. बोटांची खूण राहते ती आतल्या थरांत. थराथराने फुटलेल्या खऱ्या डायनासोरच्या ठशातही त्यांना तेच दिसलं. म्हणजे वरवरच्या आकारावरून प्राण्याचा पाय ठरवला, तर फसगत ठरलेली!

आणि मूळ ठसाच गेला तर? टेक्सासच्या पॅलक्सी नदीतला प्रसिद्ध माग रोलंड बर्डने १९४० मध्ये दगडासकट कापून काढला. तुकडे वेगवेगळ्या संग्रहालयांत गेले, काही भाग हरवलाच. उरले बर्डचे १७ फोटो. २०१४ मध्ये फॉकिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावरून अख्खा ४५ मीटरचा माग कॉम्प्युटरवर परत उभा केला. सत्तरहून जास्त वर्षांपूर्वीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, विचार करा!

तेव्हा जैसलमेरची ट्रिप ठरलीच, तर ठशाला हात न लावता भरपूर फोटो काढा आणि प्रत्येक फ्रेममध्ये पट्टी ठेवा. पट्टीशिवायही मॉडेल झकास बनतं, फक्त पाऊल कोंबडीएवढं की हत्तीएवढं, ते कळत नाही.