शोभेल आणि सोसेल

लग्नसराई संपत आली की सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात एक ठरावीक चित्र दिसू लागते. तोंडावर ओढणी घेऊन बाकावर बसलेली बाई. वय पस्तीस-चाळीस. कोणी अंगणवाडीत काम करणारी, कोणी चार घरचा स्वयंपाक करणारी, कोणी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी. नंबर लागतो, ओढणी बाजूला होते आणि लालबुंद, पुरळ उठलेला चेहरा दिसतो. ‘उन्हात गेलं की आग होते, गॅसपुढे उभं राहवत नाही,’ ती सांगते. चेहऱ्याला काय लावत होता, असे विचारले तर उत्तर येते, ‘काही नाही, साधंच क्रीम.’ पुन्हा विचारल्यावर पिशवीतून अर्धी पिळलेली ट्यूब निघते. घरात लग्न होते, फोटोत जरा उजळ दिसावे म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून आणलेली. चहा-वड्याच्या पैशांत मिळालेली.

नटावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही. चार पैसे वाचवून नीटनेटके, शोभेल असे दिसावे, असे प्रत्येकीला वाटते आणि ते जमतेही. स्वस्त म्हणजे वाईट आणि महाग म्हणजे निर्धोक, असा नियमही नाही. मात्र आहे त्या रंगाला शोभेल ते निवडणे आणि रंगच बदलायला निघणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फार थोड्या खर्चात होते. दुसरीची किंमत त्वचेला मोजावी लागते आणि क्वचित मूत्रपिंडालाही.

पंधरा दिवसांची गोराई

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे पाकिटावर बारीक अक्षरांत असतात. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस यांसारख्या आजारांत डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावली तर ती फार उपयोगाची आहेत. पण निरोगी चेहऱ्यावर ती रोज चोळली की काय होते? स्टिरॉइडमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, रंगद्रव्य कमी तयार होते. दहा-पंधरा दिवसांत चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो. शेजारणीला गुण आलेला असतो तो असा.

पुढचे काही महिने मात्र शेजारीण सांगत नाही. त्वचा पातळ होऊ लागते, गालांवर लाल शिरांची जाळी उमटते, मुरमे येतात, हनुवटीवर आणि कल्ल्यांवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केले की चेहरा भडकतो, आग होते, खाज सुटते. पुन्हा लावले की बरे वाटते. एकदा हे चक्र सुरू झाले की क्रीम सोडवत नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे स्वतंत्र नावच दिले आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला, त्यामागे हेच कारण होते. नियम असूनही ट्यूब मिळते, कारण मागणारे आहेत.

ज्यांच्या चेहऱ्याचे असे झाले आहे त्यांनी लाजून घरी बसू नये. डॉक्टरांना ट्यूब दाखवावी. औषध कसे कमी करायचे, आग कशी शमवायची, हे ठरवता येते. काही महिने लागतात, पण बहुतेक चेहरे पुष्कळ सुधारतात.

पारा लावलेला उजळपणा

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून तो गोरेपणाच्या काही क्रीममध्ये चोरून घातला जातो. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना अलीकडच्या वर्षांत अशा मूत्रपिंडविकाराचे रुग्ण एकापाठोपाठ दिसले, तेव्हा त्यांतील अनेक जण त्वचा उजळ करणारी क्रीम वापरत असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही अकोल्यातील एकाच घरातील आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडाच्या आजारामागे असेच क्रीम निघाले होते.

भारतातील २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार गोरेपणाच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. तरीही बिनचिठ्ठीची डबी हातोहात विकली जाते. ती ओळखायची कशी? डबीवर घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पूर्ण पत्ता नाही, बॅच क्रमांक आणि तारीख नाही, तर ती घेऊ नये. यादीत ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरी’शी जुळणारा शब्द दिसला तर डबी तिथेच ठेवावी. ‘लावताना सोन्या-चांदीचे दागिने काढा’ अशी सूचना असेल तर तीही धोक्याची खूण समजावी, कारण पारा सोन्याला चिकटतो. चार दिवसांत गोरे करण्याचे वचन देणारी प्रत्येक डबी संशयास्पदच मानावी. आणि असे क्रीम आधी वापरून झाले असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात होते.

चेहऱ्याला लागते तरी काय?

तीनच गोष्टी. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुणे, त्वचा कोरडी पडू न देणे आणि उन्हापासून आडोसा.

कोरड्या हाता-पायांना अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली लावली तर महागड्या लोशनची गरज पडत नाही. मुरमे येणाऱ्या चेहऱ्याला मात्र तेल लावू नये, छिद्रे बुजतात. लिंबू चोळून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. खायचा सोडा आणि टूथपेस्टही चेहऱ्यासाठी नाहीत. डाळीचे पीठ लावायचे तर लावावे, पण खसखसून घासू नये. घासल्याने सावळी त्वचा आणखी काळवंडते.

गालांवर वांग येतो तेव्हा बायका सर्वांत जास्त क्रीम बदलतात. वांगामागे ऊन, गरोदरपण, काही गोळ्या आणि आनुवंशिकता अशी कारणे असतात. यांतले ऊन तेवढे आपल्या हातात आहे. छत्री, रुंद काठाची टोपी, दुचाकीवर बांधायचा सुती स्कार्फ हे सर्वांत स्वस्त उपाय. सनस्क्रीन घ्यायचे तर एसपीएफ ३० पुरेसे आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे, बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांग असलेल्यांना त्वचेच्या रंगाचे, लोहाचे ऑक्साईड असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण ते दिसणारा प्रकाशही अडवते. शिवाय डाग झाकले जातात ते वेगळेच.

मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर घासणे थांबवावे आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. तो मळ नसतो. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. वजन थोडे उतरले, चालणे वाढले की हा काळेपणाही कमी होतो.

चेहऱ्यावरच्या तेजाचे म्हणाल तर ते अनेकदा रक्तात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. फिकट चेहरा, गळणारे केस, डोळ्यांखालचा थकवा यांवर क्रीम चालत नाही. पालेभाजी, मटकी, हरभरा जेवणात असावा, त्यावर लिंबू पिळावे आणि जेवल्या-जेवल्या चहा टाळावा. चहामुळे लोह कमी शोषले जाते. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात.

टिकली, मंगळसूत्र आणि मेंदी

कपाळावर टिकलीच्या जागी खाज सुटते, मग तिथे गोल पांढरा डाग उमटतो. टिकलीच्या गोंदात काही वेळा असे रसायन असते, जे रंगद्रव्याच्या पेशींनाच मारते. हे कोड अंगावर पसरेल म्हणून घरचे घाबरतात. टिकली लगेच बंद केली आणि उपचार वेळेवर घेतले तर अशा डागांत बऱ्याचदा रंग परत येतो. रात्री झोपताना टिकली काढावी, खाज आली की तो प्रकार बंद करावा. आपल्या आज्या मेणावर कुंकू लावत. चांगले कुंकू मिळाले तर तो मार्ग आजही खुला आहे. मात्र भडक रंग घातलेल्या कुंकवानेही कपाळ काळवंडू शकते, म्हणून कुंकू आधी दोन-तीन दिवस हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

खोट्या दागिन्यांत बहुधा निकेल असते. घामात ते विरघळते आणि कानाच्या पाळ्या, गळा, मनगट यांवर खाजरे चट्टे उठतात. एकदा ही ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. म्हणून मुलीचे कान टोचताना स्वस्त धातू नको. छोटीशी सोन्याची तार पुरे. रोजच्या वापराला काचेच्या बांगड्या, मणी, लाकडी किंवा चांदीचे दागिने चालतात. एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेले मंगळसूत्र चट्टे उठवत असेल तर मुलामा उडाला आहे असे समजावे. आतल्या बाजूला रंगहीन नेलपॉलिश लावले तर काही दिवस निभावते. समारंभाचा सेट तीन-चार तासांपुरता घालायला बहुतेकींना हरकत नाही.

मेंदीचा खरा रंग तांबडा-केशरी. लावल्यावर काळीभोर होणारी ‘काळी मेंदी’ ही मेंदी नसून तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असते. त्याने हातावर नक्षीबरहुकूम फोड येऊ शकतात आणि पुढे कलप लावताना चेहरा सुजण्याची शक्यता असते. कलप लावायचाच असेल तर कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहावी. मागच्या वेळी काही झाले नव्हते म्हणून या वेळी होणार नाही, असे नसते.

नाडी सैल, शिलाई नीट

कपड्यांबाबतही शोभणे आणि सोसणे बरोबरच चालते. साडीच्या परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधली की कमरेवर काळा पट्टा उमटतो, कातडी सोलवटते. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अशा जुन्या जखमेतून त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील एक चाळीस वर्षे लुगडे नेसत होती. असा कर्करोग फार क्वचित होतो, त्यामुळे साडी सोडण्याचे कारण नाही. नाडीऐवजी दोन-तीन बोटे रुंद कापडी पट्टा लावून घ्यावा, बांधण्याची जागा थोडी वर-खाली करावी, घरी आल्यावर गाठ सैल करावी. कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर दाखवावी. रुंद पट्ट्याचा आणखी एक फायदा आहे. कमरेवर वळ्या पडत नाहीत आणि निऱ्या सपाट बसतात.

उन्हाळ्यात सिंथेटिक लेगिंग दिवसभर अंगात असेल तर जांघेत घाम साचतो आणि नायटा होतो. त्यावरही लोक तीच स्टिरॉइडची ट्यूब लावतात आणि नायटा हटता हटत नाही. सुती, सैल कुर्ता आणि सलवार यांत अंग कोरडे राहते. ब्लाउजचा मुंढा काखेत रुतत असेल तर शिलाई उसवून अर्धा इंच सैल करून घ्यावी. नवीन ब्लाउजपेक्षा हे काम स्वस्त पडते आणि खांदे मोकळे झाले की बाई ताठ उभी राहते. अंगावर नीट बसलेला साधा कपडा न बसलेल्या भारी कपड्यापेक्षा नेहमीच खुलतो.

रंग निवडायची जुनी रीतही विसरू नये. दुकानातल्या दिव्याखाली साडी फसवते, म्हणून पूर्वीच्या बायका ती दारात नेऊन खांद्यावर टाकून उजेडात पाहत. सावळ्या वर्णावर हळदी, राणी, मोरपंखी, शेंदरी रंग किती खुलतात, हे तिथे लगेच कळते. ज्या रंगाने चेहरा उठून दिसतो तो आपला.

त्वचारोग विभागातल्या त्या बाईला उपचार म्हणून सौम्य मलम, सनस्क्रीन आणि थोडा धीर एवढे मिळते. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा येते तेव्हा चेहरा निवळू लागलेला असतो. ओढणी आता खांद्यावर असते. बरोबर कधी कधी कॉलेजात जाणारी मुलगी असते. मुलीचा रंग आईसारखाच असतो आणि आईच विचारते, ‘हिला काही लावायला द्याल का?’ त्या वेळी चिठ्ठीवर काहीही लिहिले जात नाही. मुलीची त्वचा निरोगी आहे, एवढेच आईला सांगितले जाते. हे उत्तर मुलीने वीस वर्षांची होण्याआधी ऐकले, तर तिच्या पिशवीतून ती ट्यूब कधी निघणार नाही.