फ्यूज उडाला... पण का?

होस्टेलच्या कॉमन रूममधला टीव्ही मॅचच्या शेवटच्या ओव्हरलाच का जातो, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी. स्क्रीन काळी, खालचा लाल दिवाही गुल. मग एक जण रिमोटचे सेल काढून परत घालतो, दुसरा प्लग हलवून बघतो आणि तिसरा, जो हमखास इलेक्ट्रिकल सेकंड इयरचा असतो, तो निकाल देतो, "फ्यूज गेलाय रे. बारीक तार मारू, लगेच चालू!"

यातलं पहिलं वाक्य अनेकदा खरं असतं. दुसऱ्या वाक्यामुळे मात्र टीव्ही, त्याखालचं टेबल आणि शेजारचा पडदा असं सगळंच जाऊ शकतं.

एक साधा हिशोब करू. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ५० वॅट खातो. आपल्याकडे सप्लाय २३० व्होल्टचा. म्हणजे टीव्हीला लागणारा करंट पाव अँपिअरच्या आसपास, अगदी सढळ हाताने धरला तरी अर्धा अँपिअर. आता त्याच्या पॉवर बोर्डवरच्या फ्यूजवर काय छापलेलं असतं? बऱ्याचदा 'टी ३.१५ ए, २५० व्ही'. म्हणजे गरजेच्या सहापट करंट जाईपर्यंत हा फ्यूज सहज तग धरतो. असा फ्यूज 'जुना झाला म्हणून' किंवा 'असाच' उडाला, असं क्वचितच होतं. तो उडाला याचा अर्थ त्याच्या पुढे काहीतरी शॉर्ट झालंय. त्यामुळे दुकानात बसणारा चांगला कारागीर फ्यूज उडालेला दिसला की नवीन फ्यूज शोधत नाही, आधी मल्टिमीटर उचलतो.

त्या आकड्याआधीचा 'टी'ही महत्त्वाचा. तो जर्मन 'ट्रेगं' या शब्दावरून आलाय, अर्थ सुस्त. टीव्ही ऑन केला की आतला मोठा कपॅसिटर रिकामा असतो आणि तो भरताना क्षणभर भरपूर करंट ओढतो. सुस्त फ्यूज तेवढ्याकडे दुर्लक्ष करतो. त्याच्या जागी 'एफ' म्हणजे चपळ फ्यूज लावलात, तर बोर्ड ठणठणीत असूनही तो स्विच ऑन करतानाच उडू शकतो आणि मग नसलेला बिघाड शोधण्यात रविवार जातो.

"पण घरात एमसीबी आहे की!" हा पुढचा ठरलेला युक्तिवाद. आहे, पण तो भिंतीतल्या वायरिंगसाठी. साधारण ६ ते १६ अँपिअरचा. फ्यूजच्या जागी तार मारली आणि पुढे पूर्ण शॉर्ट असेल, तर एमसीबी पडेल हे खरं. पण अर्धवट शॉर्ट असेल आणि बोर्ड सात-आठ अँपिअर खेचू लागला, तर १६ च्या एमसीबीला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. आठ गुणिले २३० म्हणजे १८४० वॅट, जवळजवळ गीझरइतकी पॉवर, तळहाताएवढ्या बोर्डवर आणि वरून प्लॅस्टिकचं झाकण. दुकानांच्या भाषेत याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. सेकंडहँड टीव्ही घेताना मागचं झाकण उघडून बघता आलं, तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार आहे का एवढं तरी जरूर बघा. दिसली तर तो टीव्ही तिथेच ठेवा.

आता उडालेल्या फ्यूजकडे नीट बघा, तो बरंच काही सांगतो. काचेचा असेल आणि काच स्वच्छ राहून आतली तार फक्त मध्ये तुटलेली असेल, तर करंट थोडासाच वाढला होता. काच आतून काळी पडलीय किंवा आरशासारखी चंदेरी झालीय? मग तारेची वाफ झालीय, म्हणजे पुढे दणकून शॉर्ट आहे. सिरॅमिकचा पांढरा फ्यूज असेल तर आतलं दिसत नाही, मल्टिमीटरचा बीप हाच पुरावा.

संशयितांची यादी फार मोठी नसते. पहिला, फ्यूजच्या जवळच बसलेली गोल, बहुतेकदा निळी चकती. ती व्हॅरिस्टर, दुकानात 'एमओव्ही'. थ्री फेज लाइनचा न्यूट्रल कुठेतरी तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंतही येऊ शकतात. तेव्हा हा व्हॅरिस्टर स्वतः शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि बाकीचा बोर्ड बऱ्याचदा वाचतो. पावसाळ्यात, पहिल्या वादळानंतर असे टीव्ही दुकानात रांगेने येतात. जळालेला व्हॅरिस्टर नुसता कापून टाकून फ्यूज बदलला तरी टीव्ही चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण पुढच्या वेळी व्होल्टेज चढलं की वाटेत आडवं पडणारं कुणी उरलेलं नसतं. हा पार्ट काही रुपयांचा आहे, तो परत लावण्यात कंजुषी करणाऱ्या दुकानदाराला बेधडक विचारा. दुसरा संशयित ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे चार डायोड. तिसरा मॉसफेट, हीटसिंकला चिकटलेला. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून हे तिन्ही तपासायला दहा मिनिटं पुरतात.

पण त्या आधी थांबा. पॉवर बोर्डवर एक जाडजूड कपॅसिटर असतो. तो २३० च्या एसीपासून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठवतो, मोठ्या टीव्हीत ४०० च्या घरात. चालू टीव्ही बंद केला तर आतलं सर्किट तो चार्ज खाऊन टाकतं. मेलेल्या टीव्हीत खाणारं सर्किटच बंद असू शकतं, म्हणून प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर भरलेला राहतो. बंद पडलेला टीव्ही चालू टीव्हीपेक्षा जास्त झटका देऊ शकतो, तो असा. काही जण त्याच्या दोन टोकांना स्क्रू ड्रायव्हर लावून 'फाट' असा आवाज काढतात आणि त्याला स्टाइल समजतात. त्याने कपॅसिटर, बोर्डचा ट्रॅक आणि डोळे, तिन्ही धोक्यात येतात. २.२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्शुलेटेड वायरला जोडून काही सेकंद लावा आणि मग मीटरवर शून्याजवळ आलंय का बघा. आणि जुना डबा टीव्ही, पिक्चर ट्यूबवाला, तर उघडूच नका. रंगीत ट्यूबला सुमारे २५ हजार व्होल्ट लागतात आणि त्यातले काही बंद केल्यावरही ट्यूबमध्ये मुक्काम करतात.

शॉर्ट पार्ट सापडला, बदलायचा आहे, आता सोल्डरिंग. आजच्या बऱ्याच बोर्डवर फ्यूज होल्डरमध्ये नसतो, त्याला दोन पाय असतात आणि ते सोल्डर केलेले असतात. कंपनीचं सोल्डर बहुतेक शिसं नसलेलं, ते सुमारे २१७ अंशांना वितळतं. दुकानात मिळणारं ६०-४०, म्हणजे कथिल आणि शिसं, १८३ अंशांपासून मऊ व्हायला लागतं. म्हणून जुना जॉइंट हटत नसेल तर आयर्न दाबून धरू नका, ट्रॅक उखडेल. त्यावर थोडं नवीन सोल्डर घाला, दोन्ही मिसळतात आणि लवकर वितळतात. मग सोल्डर पंपाने ओढून घ्या.

नवीन पार्ट लावताना नवशिके एकच गोष्ट उलटी करतात. ते सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवतात आणि तो थेंब जॉइंटवर नेऊन चिकटवतात. वरून छान गोळा दिसतो, खाली पकड शून्य. कारण सोल्डर गार धातूवर पसरत नाही. आयर्नचं टोक पाय आणि पॅड दोन्हींना एकाच वेळी टेकवा, दोन सेकंद थांबा आणि सोल्डरची तार टोकाला नाही, तापलेल्या जॉइंटला लावा. ते आपोआप पळत पसरतं, पायाभोवती छोट्या टेकडीसारखा उतार तयार होतो. तार काढा, मग आयर्न काढा आणि गार होईपर्यंत पार्ट हलवू नका. एक इशारा. साधा काचेचा फ्यूज आणून त्याच्या धातूच्या टोप्यांवर थेट वायर सोल्डर करू नका, त्या उष्णतेने आतल्या तारेचा जोड सुटतो. पायवाला फ्यूज मागा, नाहीतर होल्डर लावा. आणि काम झालं की वडापावला हात लावण्याआधी हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.

घरी जुना टीव्ही असताना त्याच्या डोक्यावर टपली मारली की चित्र यायचं, आठवतं? किंवा आईबाबांना विचारा. ती जादू 'ड्राय सोल्डर'ची. जड आणि तापणाऱ्या पार्टचे पाय रोज तापून, गार होऊन सोल्डरला बारीक गोल चीर पाडायचे. टपलीने ते क्षणभर टेकायचे. एलईडी बोर्डवरही कॉइल, कनेक्टर आणि कधी खुद्द फ्यूजच्या पायाला हे होतं. मग फ्यूज शाबूत, तरी टीव्ही बंद. भिंग घेऊन बोर्ड उलटा करून बघितला तर चीर दिसते आणि थोडं फ्लक्स, थोडं नवीन सोल्डर एवढ्यात काम होतं.

सगळं लावून झाल्यावर थेट प्लगमध्ये घालायची घाई नको. टीव्हीच्या लाइनमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतात, 'सिरीज लॅम्प'. टीव्ही ऑन केल्यावर बल्ब एकदा लुकलुकून मंद झाला तर बरं चाललंय. भक्क पेटलेलाच राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे आणि तुमचा नवा फ्यूज वाचला. हे पहिल्यांदा करताना कॉलेजच्या लॅबमधले सर किंवा मॅडम, नाहीतर ओळखीच्या दुकानातले काका शेजारी असू द्या. मेन्सच्या सप्लायवर एकट्याने शिकायचं नसतं.

सोल्डरिंगचा हात मात्र एकट्यानेही बसवता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इथे आयर्न, पंप, सोल्डर सगळं मिळेल. भंगारवाल्याकडून सेट-टॉप बॉक्सचा मेलेला बोर्ड मागून घ्या आणि प्लगला न जोडता त्यातले पंचवीस पार्ट काढून परत लावा. पहिले दहा-बारा जॉइंट बघून हसू येईल, ते कुणाला दाखवू नका.