पानामागचा हसरा चेहरा

हा कोळी पाहायचा तर पानाखाली वाकून वर बघावं लागतं. हवाई द्वीपसमूहातल्या माउई बेटावर, हालेआकाला पर्वताच्या पावसाळी उतारावर, कोळ्यांची पाहणी करणाऱ्या अभ्यासकांबरोबर मी हिंडलो. पान तोडायचं नाही, हिसकायचं नाही; कड चिमटीत धरून अलगद उलटायची. कोळ्याला दिसतं कमी, पण पानाची थरथर लगेच कळते.

पहिल्या काही पानांखाली नुसता ओलावा. मग एका पानाच्या शिरेलगत तो दिसला. जेमतेम 5 मिलिमीटरचं पिवळसर, अर्धपारदर्शक अंग आणि काडीसारखे लांब पाय. भिंग लावलं तर पोटावर दोन काळे ठिपके आणि खाली लाल कमान! डोळे आणि हसणारं तोंडच जणू. पुढच्या पानाखालची मादी मात्र साधी पिवळी होती, अंड्यांच्या पुंजक्याला बिलगून बसलेली. ते पान लगेच सोडून दिलं. पिल्लं बाहेर आल्यावरही ती त्यांना शिकार आणून देते.

थेरिडियन ग्रॅलेटर हे याचं शास्त्रीय नाव. ओआहू, मोलोकाई, माउई आणि हवाई या चार बेटांखेरीज तो जगात कुठेही नाही. बहुतेक कोळी साधे पिवळे. बाकीच्यांवर लाल, पांढरी, काळी नक्षी, तिचे कितीतरी प्रकार. म्हणून प्रत्येकाचा रंग वहीत टिपायचा. तोही जपून, कारण खाल्लेल्या माशीचा रंग पिवळ्या अंगात काही दिवस उतरतो.

अशा नोंदींना प्रजननाच्या प्रयोगांची जोड देऊन संशोधक रोझमेरी गिलेस्पी आणि जेफ ऑक्सफर्ड यांनी दाखवलं, की माउई आणि हवाई बेटांवर नक्षी सारखीच असली तरी ती पुढच्या पिढीत उतरण्याची रीत वेगळी आहे. हवाई बेटावर काही नक्ष्या नर-मादीनुसार बदलतात, माउईवर नाही. म्हणजे निसर्गाने तेच चेहरे वेगळ्या वाटेने पुन्हा घडवले. पक्ष्यांची नजर एकाच रूपाला सरावू नये म्हणून ही विविधता टिकली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

ही विविधता या रानाबरोबरच जगेल. आपल्या सोनटक्क्याचा हिमालयातला भाऊबंद, काहिली जिंजर, हवाईत बागेतून रानात शिरला आणि स्थानिक रोपट्यांना दडपू लागला. ओहिया वृक्षांना मारणारी बुरशी बुटांच्या चिखलातूनही पसरते. हवाईला गेलात तर रानात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर बुटांची माती खरवडून काढा, तळ अल्कोहोलने पुसा. आणि पान उलटलंत, तर जपून पूर्ववत ठेवा.