‘ध’चा ‘घ’

जुन्या मासिकाचं पान कॅमेऱ्याखाली ठेवायचं असेल, तर आधी त्याच्या मागे काळा कागद सरकवायचा. पानं पातळ असतात, मागची छपाई पुढे डोकावते. मागे पांढरं काही असलं की उजेड कागदातून आरपार जातो, तिथून परततो आणि येताना मागच्या बाजूची उलटी अक्षरंही सोबत आणतो. काळा कागद तो उजेड गिळून टाकतो. दोन दिवे दोन बाजूंनी, तिरके, पानावर काच, कॅमेरा बरोबर डोक्यावर. एवढी मांडामांड झाली की बटण दाबायचं. पुढची लढाई वेगळीच असते.

एका ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर आमचं हे काम चालतं. 1920च्या दशकातल्या बांधीव अंकांचे फोटो काढायचे आणि त्या चित्रांतून शोधता येईल असा मजकूर बाहेर काढायचा. ओसीआर म्हणतात ते हेच. मी, एक संगणक आणि आठवड्यातून दोनदा जिना चढून येणारे नाना. नानांनी ऐंशी ओलांडलीय. उमेदीच्या वयात ते खिळे जुळवायचे, नंतर त्याच छापखान्यात मुद्रितं तपासू लागले. संगणकाला ते हात लावत नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसतात आणि पडद्याकडे असं बघतात, जणू शिकाऊ पोराने जुळवलेला मजकूर समोर आलाय.

पान यंत्रात गेलं की त्यात अक्षरं म्हणून काही उरत नाही. 300 डीपीआयला (इंचात 300 ठिपके) ए-फोर आकाराचं पान म्हणजे 2480 गुणिले 3508, साधारण 87 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला 0 ते 255 मधला एक आकडा. शून्य म्हणजे कुट्ट काळा, 255 म्हणजे पांढराशुभ्र. यातला शाईचा कुठला आणि कागदाचा कुठला, हा पहिला निवाडा. नव्या कोऱ्या पानावर तो सोपा असतो. ठिपक्यांची आकड्यांनुसार मोजदाद करून आलेख काढला तर दोन टेकड्या दिसतात, शाईची लहान आणि कागदाची मोठी. मधल्या खिंडीत रेघ ओढायची. ती नेमकी कुठे ओढायची याची रीत जपानच्या नोबुयुकी ओत्सूंनी 1979 साली मांडली: शक्य ते सगळे आकडे लावून बघायचे आणि ज्या आकड्याला दोन्ही गट एकमेकांपासून सर्वांत दूर आणि आपापल्यात सर्वांत एकसारखे पडतात तो धरायचा. आजही कुठल्याही प्रोग्रॅमात पहिला पर्याय बहुधा हाच असतो.

आमच्या पानांवर मात्र तो आपटतो. शिवणीजवळ कागद वाकलेला, सावलीत, पिवळटून तपकिरी झालेला. तिथल्या कोऱ्या कागदाचा आकडा 110 येतो. त्याच पानाच्या मधोमध शाई उडालेली असते आणि तिथलं अक्षर 120 दाखवतं. म्हणजे एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणच्या शाईपेक्षा काळा! एकच रेघ ओढली की शिवणीकडचा पट्टा डांबर ओतल्यासारखा होतो, नाहीतर मधली अक्षरं गायब होतात. यावरचा उपाय गावकीसारखा आहे: प्रत्येक ठिपक्याने आपला निकाल शेजारपाजाऱ्यांकडे बघून लावायचा. आसपासच्या चौकोनातली सरासरी किती, चढउतार किती, यावरून तिथल्यापुरती रेघ ठरते. फिनलंडच्या साउव्होला आणि पिएतिकाइनेन यांनी 2000 साली सुचवलेली रीत आम्ही वापरतो. चौकोन केवढा घ्यायचा, हे मात्र ती सांगत नाही. लहान घेतला तर मथळ्याची ठसठशीत अक्षरं आतून पोकळ होतात, मोठा घेतला तर शिवणीची सावली परत येते. पाच-पंचवीस पानं वाया घालवूनच ते हाताला कळतं.

मग पान सरळ करणं. इथे देवनागरी फार उपकार करते. रोमन लिपीच्या ओळीला तळ असतो, पण तो डोळ्यांनी कल्पायचा. आपल्याकडे शिरोरेषा छापूनच येते. पानाच्या प्रत्येक आडव्या रांगेत किती काळे ठिपके आहेत ते मोजत खाली यायचं; पान सरळ असेल तर शिरोरेषेच्या रांगेत आकडा एकदम उसळतो, दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत शून्यावर येतो. पान कललेलं असेल तर हे सुळके बसके होतात. म्हणून चित्र दशांश-दशांश अंशाने फिरवत राहायचं आणि सुळके सर्वांत टोकदार दिसतील तिथे थांबायचं. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 1500 ठिपके लांबीच्या ओळीत एका अंशाने शेवटचा शब्द 26 ठिपके खाली उतरतो. बारा पॉइंटाचा खिळा मुळात 50 ठिपक्यांचा. म्हणजे ओळ अर्ध्या खिळ्याइतकी घसरली. नानांना हा खेळ आवडतो. “आम्ही लेडवर ओळ चढवून सरळ करायचो, तू उसळी बघून करतोस,” म्हणाले.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ मी घातला तो साफसफाईत.

काळं-पांढरं झालेल्या पानावर बारीक ठिपके फार उरतात. बुरशीचे डाग, माश्यांची घाण, कागदाच्या लगद्यातलं भूस. हे झाडायला एक सोपी आज्ञा असते: एकमेकांना चिकटलेल्या काळ्या ठिपक्यांचे पुंजके मोजा आणि अमुक संख्येपेक्षा लहान पुंजका दिसला की पुसून टाका. मी मर्यादा 30 ठेवली. पान कसं आरशासारखं लख्ख झालं. खूश होऊन आख्खा अंक त्या झाडूखालून काढला.

नानांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून पुसला. “अरे, हे लेखक एवढे उर्मट कधी झाले?” एका दिवंगत शिक्षकावरचा लेख होता. ‘त्यांनी’च्या जागी सगळीकडे ‘त्यानी’. ‘त्यांचा’चं ‘त्याचा’. गुरुजींचा आदर पानभर उतरवून ठेवला होता. बारा पॉइंटातला अनुस्वार सहा ठिपके व्यासाचा असतो. क्षेत्रफळ काढलं तर 28 भरतं. माझी मर्यादा 30. झाडूने केरासोबत अनुस्वारही लोटून दिले होते.

आणि 1920च्या दशकातलं मराठी म्हणजे अनुस्वारांचं रानच. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, त्याआधी ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘मुलें’, ‘त्यानें’ असं डोक्यावर टिंब घेऊनच शब्द बाहेर पडायचे. (आता ‘केलं’, ‘जुनं’ लिहून आपण टिंबं पुन्हा वाढवलीत, पण ती निराळी.) कच्चे फोटो मी जपून ठेवले होते म्हणून निभावलं. मर्यादा 20वर आणली. मजकुरातली टिंबं वाचली, तळटिपांतली मेली. तळटिपा आठ पॉइंटात. तिथे टिंब चार ठिपके रुंद, क्षेत्रफळ जेमतेम 12. आणि माशीचा डाग सहज पंधराचा असतो. म्हणजे तळटिपेतल्या टिंबापेक्षा घाण मोठी.

आकारावरून निवाडा होत नाही म्हटल्यावर जागा बघायची असं ठरलं. शिरोरेषेच्या वर, अक्षराच्या दांड्याजवळ, ठरावीक अंतरात असेल तर टिंब. दोन शब्दांच्या मधे तरंगत असेल तर केर. बरंच साधलं. पण केर काही जागा बघून पडत नाही, कधी बरोबर दांड्याच्या डोक्यावर येऊन बसतो. अशा ठिकाणी नाना मूळ अंक मागवतात. पान उचलून मागच्या बाजूने बोटाचं टोक फिरवतात. खिळ्याची छपाई कागदात रुतलेली असते; टिंबाच्या जागी मागे मोहरीपेक्षाही बारीक फुगवटा लागतो. माशी कागद दाबत नाही. मी पहिल्यांदा बोट फिरवलं तेव्हा काहीच जाणवलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जाणवलं आणि मग काही वेळ मी उगाचच सगळं पान मागून चाचपत बसलो. कॅमेऱ्यासमोर तिरके दिवे धरून हाच उंचवटा सावलीने पकडताही येतो, पण एका टिंबासाठी एवढा पसारा कोण मांडणार.

नानांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझा उत्साह थोडा ओसरला. वर लोंबणारा भाग असलेला खिळा नाजूक असतो, दाबाखाली त्याचं टोक मोडतं. अंक छापता छापताच एखादं टिंब उडायचं. पहिल्या हजार प्रतींत असायचं, पुढच्यांत नसायचं. म्हणजे जे आमच्या प्रतीत कधी छापलंच गेलं नाही, ते मी चित्रात शोधत बसलो होतो.

पान साफ झालं की वाचन. जुनी रीत तोडण्याची होती. आयआयटी कानपूरचे आर. एम. के. सिन्हा 1970च्या दशकापासून देवनागरी यंत्राकडून वाचून घेण्याच्या मागे होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत चौधुरी आणि पाल यांनी 1997 साली बंगाली-देवनागरीसाठी पुरी पद्धत मांडली. शब्द शिरोरेषेने बांधलेला असतो, म्हणून ती पुसायची. अक्षरं कपडे दोरीवरून उतरवल्यासारखी सुटी होतात. मग एकेकाचा आकार तपासायचा, दांडा कुठे, गाठ कुठे. मी हौसेने हे एकदा स्वतः लिहून बघितलं. दोरी कापली आणि ‘ध’ आणि ‘घ’ जुळे भाऊ झाले, ‘भ’ आणि ‘म’ही. कारण त्यांच्यातला मुख्य फरक शिरोरेषेतच असतो: ‘ध’ आणि ‘भ’च्या डाव्या टोकाला ती तुटलेली असते, ‘घ’ आणि ‘म’वर अखंड जाते. रेषेसोबत मी फरकही पुसला होता. ‘धन’चं ‘घन’, ‘भान’चं ‘मान’, ‘धाव’चा ‘घाव’. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत आनंदीबाईंना निदान ‘ध’चा ‘मा’ करायला लेखणी उचलावी लागली. माझ्या प्रोग्रॅमने ‘ध’चा ‘घ’ फुकटात केला, तोही पानात चाळीस वेळा. ‘ख’ची तर गोष्टच नको. जुन्या टाइपात तो ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा असतो, माणसंही त्यात फसत, म्हणूनच पुढे लिपी सुधारताना त्याची खालची टोकं जोडली.

आता तोडत नाहीत. आम्ही वापरतो ते टेसरॅक्ट, 1985 ते 1994 या काळात एचपी कंपनीत घडलेलं आणि 2005 साली सर्वांसाठी खुलं झालेलं. 2018च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात एलएसटीएम जातीचं न्यूरल जाळं आहे. ते ओळीची आडवी पट्टी घेतं आणि चिंचोळ्या उभ्या फटीतून बघितल्यासारखं तिच्यावरून सरकत जातं, मागचं काही लक्षात ठेवत, काही विसरत. दोरी कापावी लागत नाही; ‘ध’ आणि ‘घ’ बहुतेक वेळा बरोबर येतात. मराठीसाठी वेगळा शिकवलेला संच आहे, तो ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’तला फरकही ओळखतो. पहिल्या दिवशी मला पेढे वाटावेसे वाटले होते.

नानांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “ह्याला शाळेत कुठलं पुस्तक होतं?” चित्रात ‘नाहीं’ स्पष्ट होतं, टिंब टपोरं. यंत्राने लिहिलं होतं ‘नाही’. ‘घरांत’चं ‘घरात’. ही चूक डोळ्यांची नाही. यंत्राने शिकताना आजचं मराठी रगड वाचलंय आणि ‘नाही’नंतर टिंब बघितलेलंच नाही, म्हणून समोर असूनही ते त्याला केर वाटतं. जो अपराध मी 30चा आकडा घालून केला होता तो याने न सांगता केला. दुसऱ्या एका संग्रहात सावरकरांच्या बाराखडीतले ‘अि’, ‘अु’ आहेत, किर्लोस्कर मासिक छापायचं तसे. तिथे तर ते बिनदिक्कत ‘इ’, ‘उ’ करून मोकळं होतं. वाचणाऱ्याची सोय होते हे खरं. पण त्या छापखान्याने हट्टाने केलेली एक गोष्ट त्यात नाहीशी होते. आम्ही आता जुन्या छपाईच्या ओळी आणि त्यांची नानांनी तपासलेली जशीच्या तशी प्रत अशा जोड्या करून यंत्राला पुन्हा शिकवतोय. काम कंटाळवाणं आहे. नाना मोठ्याने अक्षर-अक्षर सांगतात, “ना, ही दीर्घ, वर टिंब,” आणि मी टंकतो.

यंत्र किती बरोबर, हे शेकड्याने मोजतात: किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागली ते मोजायचं. 99 टक्के म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. दोन हजार अक्षरांच्या पानात त्याचा अर्थ वीस चुका. त्यात राहिलेला स्वल्पविराम आणि ‘त्यांचा’चं झालेलं ‘त्याचा’ यांना एकच भाव.

गेल्या आठवड्यात असंच एक वाक्य अडलं. एका वकिलांच्या आठवणी, त्यात त्यांचे वडील आणि घरचा गडी, पुढे ‘त्या?चा शब्द अखेरचा असे’. प्रश्नचिन्हाच्या जागी टिंबाएवढाच काळा पुंजका, बरोबर जागेवर. वडिलांचा की गड्याचा, दोन्ही लागतं, आणि गड्याचा असेल तर वाक्यात खरी गंमत आहे. नानांनी पान उलटलं. मागे कुणीतरी कधीकाळी पातळ कागद डकवून फाटलेलं पान सांधलं होतं. बोटाला गुळगुळीत लागलं. भिंगातून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. दुसरी प्रत कुठल्या ग्रंथालयांत असेल त्यांची यादी करायला सांगितलं.

माझ्याकडे ‘संशयित’ नावाची एक फाइल आहे. ते वाक्य पानाच्या आकड्यासह तिच्यात टाकलं. नाना तोवर पुढच्या पानावरची धूळ ब्रशने काढत होते.