चीक आटल्यावरचे लाकूड

म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा तेथील सागावर विसंबलेल्या भारतीय लाकूडबाजाराला आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडे अधिक वळावे लागले. स्वदेशी पर्यायाची चर्चा आजही प्रामुख्याने सागाभोवतीच घुटमळते. मात्र केरळातील रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षे चीक दिल्यावर नव्या लागवडीसाठी तोडावेच लागते आणि त्याचे लाकूड पूर्वी बहुतांशी सरपणात किंवा खोक्यांत जात असे, हे त्या चर्चेत क्वचितच येते.

या उपेक्षेला कारण होते. सागाच्या खोडात बाहेरचे पांढरट रसकाष्ठ पाणी वाहून नेते व अन्न साठवते, तर आतल्या मध्यकाष्ठात, म्हणजे गाभ्यात, वाळवीला न रुचणारी द्रव्ये साचतात. रबराच्या खोडात असा वेगळा गाभा जवळजवळ नसतोच. ते पिष्टमय असल्याने तोडल्यावर काही दिवसांतच बुरशीने निळसर पडते आणि पुढे भुंगेऱ्यांच्या अळ्या ते पोखरू लागतात, तेव्हा टाचणीएवढ्या छिद्रांतून पिठासारखा भुसा गळतो. उपाय असा, की ओल्या फळ्या पोलादी टाकीत ठेवून हवा काढून घ्यायची आणि टाकणखार व बोरिक आम्लाचे द्रावण दाबाने आत घुसवायचे. बोरॉनची ही संयुगे पाण्यात विरघळत असल्याने पावसात भिजणाऱ्या चौकटीला मात्र असे लाकूड चालत नाही, घरातल्या टेबल-खुर्च्यांना चालते.

खरी कसोटी वाळवणीची. पेशींच्या पोकळीतले पाणी निघून जाईपर्यंत फळीचे आकारमान बदलत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, म्हणजे पेशीभित्तींना धरून असलेले पाणी सुटू लागले, की ती आक्रसते, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आक्रसत असल्यामुळे पिळवटते. रबराच्या लाकडात ही खोड अंमळ जास्तच असते. म्हणून तापमान आणि दमटपणा राखणाऱ्या भट्टीत, थप्पीवर वजन ठेवून, ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर आणतात. आखूड तुकड्यांच्या टोकांना बोटांसारखे दाते कापून ते एकमेकांत चिकटवले, की लांब फळीही मिळते.

यातले काहीच अवघड तंत्रज्ञान नाही, अडचण अंतराची आहे. दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या रबराच्या बागांनाही ती लागू पडते, कारण प्रक्रियेचा कारखाना दूर असेल, तर ओंडका तेथे पोहोचेपर्यंतच निळा पडू लागतो.