टाकी केवढी, मासे कोणते: निवडीचा सरळ क्रम

मागच्या व्याख्यानात आपण टाकीतलं पाणी कसं तयार होतं ते पाहिलं. मासे कल्ल्यांमधून अमोनिया पाण्यात सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे: टाकी केवढी घ्यायची, आणि तिच्यात कोणाला कोणाबरोबर ठेवायचं?

दुकानात आपण बहुतेक वेळा उलटे जातो. आधी मासे आवडतात, मग ते मावतील अशी टाकी घेतो, आणि पाण्याचा विचार मासे मरायला लागल्यावर करतो. आज हा क्रम सरळ करू. आधी पाणी, मग टाकी, मग मुख्य मासा आणि शेवटी त्याचे शेजारी.

पाणी

नळाला जे पाणी येतं, त्यात सुखाने राहतील असे मासे निवडणं सगळ्यात सोपं. बादलीला, गिझरला पांढरे थर धरत असतील तर पाणी जड आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असं पाणी मानवतं. टेट्रा मासे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्यातले. म्हणजे गप्पी आणि निऑन टेट्रा एकमेकांशी भांडत नाहीत, तरी त्यांची जोडी पाण्याच्या दृष्टीने फारशी जुळत नाही.

तापमानाचंही तसंच. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, १८ ते २२ अंशांत तो खूश असतो. एंजलला २५-२८ अंश लागतात. दोघांना एकत्र ठेवलं की एकाची कायमची गैरसोय ठरलेली. शिवाय आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीतल्या टाकीचं पाणी सहज ३० अंशांवर जातं. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. हिवाळ्यात ठीक वाटणारी गर्दी उन्हाळ्यात जड जाते ती यामुळे.

टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आपल्याकडे सर्रास मिळते. हिशोबाने ती ५६ लिटरची. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करा, खरं पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास. मासे मोजायचे ते या आकड्यावर.

‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. लहान माशांपुरता तो कामचलाऊ आहे, मोठ्या माशांना लावला की फसतो. तीन सेंटीमीटरचा टेट्रा आणि तीस सेंटीमीटरचा ऑस्कर घ्या. लांबी दहापट आहे. पण रुंदी आणि जाडीही त्याच प्रमाणात वाढते, म्हणजे वजन जवळपास हजारपट. खाणं आणि घाण लांबीच्या मानाने वाढत नाही, शरीराच्या मानाने वाढते. त्यामुळे दहा टेट्रांच्या जागी एक ऑस्कर, हे गणित बसत नाही.

आणि मासा वाढतोच. दुकानात चार-पाच सेंटीमीटरचा दिसणारा ऑस्कर वर्षभरात वीस सेंटीमीटरच्या पुढे जातो. ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ असं लोक सांगतात. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरं, पण ती खराब पाण्याने आणि कोंडमाऱ्याने खुंटते, आणि आयुष्यही कमी होतं. म्हणून टाकी निवडताना पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर ठेवायचा.

आकारही पाहा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागातून पाण्यात जातो. तेवढ्याच लिटरांची उंच, निमुळती टाकी किंवा गोल बरणी यात मार खाते. मात्र मोठी टाकी घेताना स्टँड तपासा. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत नुसतं पाणीच अडीचशे किलोच्या घरात जातं.

शेजारी

इथे तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, कोण कोणाच्या तोंडात मावतो? एंजल शांत दिसतो, पण मोठा झाला की निऑन टेट्रा गिळतो. यात त्याचा स्वभाव वाईट नाही, निसर्गातही तो लहान मासे खातोच.

दुसरा, कोण कोणाचे पर कुरतडतो? टायगर बार्ब लांब परांच्या मागे लागतात. एंजल, फायटर, गप्पी यांच्यासोबत ते नकोत. दोन-तीनच ठेवले तर त्रास वाढतो. आठ-दहांच्या थव्यात त्यांची पळापळ बरीचशी आपसात राहते. दोन नर फायटर तर एका टाकीत कधीच नाहीत.

तिसरा, कोणाला थवा लागतो? टेट्रा, बार्ब, कोरीडोरास हे कळपातले मासे. ‘प्रत्येकी दोन-दोन’ घेतले की टाकी रंगीत दिसते, पण मासे भेदरून कोपऱ्यात राहतात.

मग आपल्या ४५ लिटरांत काय बसेल? पाणी मऊ असेल तर मधल्या थरात आठ कार्डिनल टेट्रा आणि तळाशी पाच-सहा लहान कोरीडोरास. कार्डिनल निऑनपेक्षा गरम पाणी जास्त सोसतो. पाणी जड असेल तर सात-आठ गप्पी, तेही फक्त नर. मादी दर महिन्याला पिल्लं देते आणि आपला सगळा हिशोब मोडतो. एवढ्यावर थांबायचं.

आता ‘काच साफ करायला एक सकर घ्या’ या सल्ल्याबद्दल. सकर शेवाळ खातो, पण तो एक-दीड फुटांचा होतो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत, तळ्यात सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज भारतातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांतही तो येतो. त्याचं अंग काटेरी कवचाचं, जाळी फाटतात आणि बाजारात भाव मिळत नाही. दिवाणखान्यातल्या एका चुकीच्या निवडीची किंमत अशी दुसराच कोणी मोजतो. त्यामुळे नको झालेला मासा दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यायचा, पाण्यात सोडायचा नाही.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर प्रत्येक माशापुढे चार गोष्टी लिहा: पूर्ण वाढ किती, तापमान किती, पाणी जड की मऊ, एकटा की थव्यात. ज्याची एक जरी गोष्ट इतरांशी जुळत नसेल, त्याच्यावर काट मारा. यादी छोटी होईल, पण टाकीतले मासे टिकतील. पुढच्या वेळी नवा मासा टाकीत सोडण्याआधी वेगळा का आणि कसा ठेवायचा ते बघू. आता तुमचे प्रश्न घेऊ.