गळ आणि गाळ : लेखांक ७ – आमिष कोणतं लावायचं?

मागच्या लेखांकात तंगूस आणि गाठी झाल्या. त्यानंतर बहुतेकांनी एकच विचारलं: मरळीला काय लावायचं, शिंगाळ्याला काय, एकदा यादी देऊन टाका. यादी मीही केली होती. वहीत तक्ता आखून, माशाच्या नावासमोर आमिषाचं नाव. ती वही हतनूर धरणाच्या फुगवट्यावर एका ऑगस्टात निकालात निघाली.

चांगदेवजवळ तापीला पूर्णा मिळते, त्या बाजूचा काठ. हातात नवा कोरा चकचकीत स्पून, म्हणजे धातूचं नकली आमिष. तीन तास फेकून खांदा भरून आला, तरी तंगुसाला साधा झटका नाही. दहा हातांवर शिंदखेड्याकडचे एक भोई आबा बांबूची काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन बसले होते. त्यांच्या टोपलीत दोन शिंगाळे आणि एक वाम. माझ्या स्पूनकडे बघत म्हणाले, "भाऊ, पहिले पानी देख, मंग गय टाक." अहिराणीत गळाचा 'गय' होतो. मला मात्र ते ऐकताना आपली गय केली जातेय असंच वाटलं.

पाणी बघायचं म्हणजे काय बघायचं? पूर्णा वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून येते आणि पावसाळ्यात ती माती सोबत आणते. हतनूर १९८२ साली पूर्ण झालं, त्याला ४१ दरवाजे आहेत, आणि त्याचं जुनं दुखणं गाळ हेच आहे. श्रावणात त्या पाण्याचा रंग उकळून उकळून कडक झालेल्या चहासारखा असतो. वीतभर खाली उजेडच पोचत नाही, मग स्पून चमकणार कशावर? शिंगाळ्याला त्याची फिकीर नसते. त्याच्या लांब मिशांवर चव कळणारे बिंदू असतात. तो तळ चाटतच खाणं शोधतो. म्हणून नव्या पाण्यात गांडूळ. अख्खं न लावता तोडून लावावं, म्हणजे रस पाण्यात उतरतो. पंधरा-वीस मिनिटांत ते धुऊन पांढरं पडतं; आळस न करता बदलावं. जागा निवडायची ती नाल्याचं पाणी फुगवट्यात शिरतं तिथली. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात मात्र पावसाळ्यात उतरू नये. दरवाजे उघडले की पाणी कुणाची वाट बघत नाही.

पितृपक्षाच्या सुमारास गाळ बसू लागतो, कडेची पाणवनस्पती वर येते आणि मरळीचे दिवस सुरू होतात. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमिषाचा खरा खेळ इथेच आहे. मरळ डोळ्यांनी शिकार करते. वनस्पतीखाली दबा धरून बसते आणि वरून काही सरकलं की उसळी घेते. त्यासाठी रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ वरच्या बाजूला वळून अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे तो वनस्पतीत अडकत नाही. मरळीनं चावलं की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. दुकानात या बेडकांच्या पाठीवर पिवळे ठिपके, हिरवे पट्टे, काय काय असतं. ती सगळी नक्षी गिऱ्हाइकासाठी. मरळ खालून बघते. तिला आभाळाच्या उजेडावर काळं पोट दिसतं, एवढंच. म्हणून गढूळसर पाण्यात आणि झुंजूमुंजू उजेडात मी काळाच बेडूक वापरतो. पाणी निवळ असेल तर फिक्या पोटाचा. पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नये. एक-दोन आकडे मोजावेत, तिला बेडूक नीट तोंडात घेऊ द्यावा. हे लिहायला सोपं आहे. मी अजून निम्म्या वेळा घाई करतो.

दोन गोष्टी करू नयेत. पावसाळ्यात काठाशी तांबूस पिल्लांचा पुंजका पृष्ठभागावर वळवळताना दिसला, तर त्यात बेडूक टाकू नये. मरळीचं जोडपं पिल्लं राखतं. आमिषावर ते भुकेनं नाही, रागानं धावतं. ते जोडपं टोपलीत गेलं की पुंजका बाकीच्या माशांच्या पोटात. दुसरं, जिवंत बेडूक गळाला नको. शेतातले किडे खाणाऱ्या या प्राण्याच्या तंगड्या परदेशी पाठवणं आपण १९८७ साली बंद केलं, ते उगाच नाही.

थंडीबद्दल थोडक्यात. पहाटे खानदेशात पारा दहाच्या खाली जातो, थंड रक्ताच्या माशाची भूक मंदावते. आमिष लहान, हालचाल सावकाश, आणि वेळ पहाटेची नव्हे, भर दुपारची. हे दिवस रोहू-कटल्याचे. मी कळण्याचं पीठ मळून त्यात पिकलं केळं कुस्करतो. कळण्यातल्या उडदामुळे गोळी चिकट होते आणि गळावर टिकते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गोळी तीच, फक्त तरंग्याखालची दोरी कमी-जास्त करायची.

मिनेसोटातल्या भाच्यानं एकदा डबा भरून ल्यूर (नकली आमिषं) पाठवले. तिकडच्या वॉलाय नावाच्या माशासाठीचे. मिनेसोटानं १९६५ साली त्याला राज्याचा मासा केलंय. (आपला राज्यमासा २०२३पासून पापलेट. खानदेशाशी त्याची ओळख ताटातलीच.) वॉलायच्या डोळ्यात मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, अंधुक पाण्यात त्याला चांगलं दिसतं, लोक बर्फाला भोक पाडून त्याला धरतात. भाच्यानं डब्यावर पाण्याच्या तापमानाप्रमाणे चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्याचा हिशेब बर्फाचा, आपला गाळाचा. त्यातला एक काळा रबरी मासा ऑक्टोबरात मरळीनं नेला, तंगुसासकट.

उन्हाळ्यात पारा ४५ गाठतो, पाणी आटतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. बाकीचे मासे मलूल होतात. मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे तिचं अडत नाही. सूर्य उगवायच्या आत काठावर गप्प बसलं तर तिचा श्वास घेतल्याचा 'गुळुक' आवाज येतो. त्याच्या चार हात पुढे बेडूक, किंवा झिंगा.

जाण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावं. धरणातली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते. हौसेलाही परवानगी लागते.

आणि पाणी किती गढूळ, ते मोजायचं कसं? अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. मी कपाची पांढरी बशी दोरीला बांधून नेतो. वीतभरात बशी गेली तर गांडूळ. हातभर दिसली तर काळा बेडूक. त्याहून खोल दिसली तरच तो स्पून पिशवीतून बाहेर. आबांना बशी लागत नाही. ते पाण्यात उतरतात आणि आपल्या पायाची बोटं दिसताहेत का, ते बघतात.